वाशीतला वेब प्रोग्रामिंगचा वीकेंड कोर्स: घ्यावा का?

मी ऐरोलीत सपोर्टला आहे, कोड कधी लिहिला नव्हता, म्हणून युनिव्हर्सिटीचा वेब प्रोग्रामिंगचा बेसिक कोर्स केला, वाशीतल्या एका कॉलेजात, शनिवार-रविवार बॅच. कॉलेजचं नाव घेत नाही, सिलॅबस काही त्यांनी बनवलेला नाही.

आधी कुरकुर. एचटीएमएलवर, म्हणजे पेजचा सांगाडा लिहायच्या भाषेवर, उगाच वेळ काढतात. नोट्समध्ये अजून फॉन्ट टॅग, सेंटर टॅग, मार्की, आणि अख्खं पेज टेबलात कोंबायचं. अहो एचटीएमएल ५ ला २०१४ मध्ये स्टँडर्ड म्हणून मान्यता मिळाली, त्यात हे टॅग बाद आहेत, ब्राउझर जुन्या साइट्ससाठी सांभाळून घेतो म्हणून दिसतात एवढंच. आणि आज लेआउट ज्याच्यावर चालतो ते फ्लेक्सबॉक्स आणि ग्रिड एका लेक्चरात उरकलं! जावास्क्रिप्टमध्येही व्हेरिएबल बनवायला सगळीकडे जुना व्हारच, त्याच्या जागी लेट आणि कॉन्स्ट २०१५ पासून आहेत तरी. वर जर्नलमध्ये कोड हाताने उतरवायचा. कशासाठी, देव जाणे.

पण पीएचपी-मायएसक्यूएलचे, म्हणजे सर्व्हरवरचा कोड आणि डेटाबेसचे, प्रॅक्टिकल मात्र एक नंबर. आमचे सगळ्यांचे रजिस्ट्रेशन फॉर्म मस्त चालत होते, सर आले आणि नावाच्या खान्यात इंग्रजीत डिसोझा टाईप केलं, डी नंतर अपॉस्ट्रॉफी देऊन, की एकेकाचा फॉर्म एरर देऊन पडला. म्हणाले, अर्धी वसई तुमच्या साइटवर नाव नोंदवू शकणार नाही. कारण ती अपॉस्ट्रॉफी थेट क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या कमांडमध्ये, गेली की डेटाबेसला वाटतं नाव तिथेच संपलं, पुढचं तो कमांड समजून वाचतो. मग लॉगिन पेजवर तीच गंमत मुद्दाम करून पासवर्ड माहीत नसताना आत शिरून दाखवलं, आणि मग प्रिपेअर्ड स्टेटमेंट शिकवलं, म्हणजे क्वेरी वेगळी आणि युजरने भरलेलं वेगळं पाठवायचं. एसक्यूएल इंजेक्शन हा शब्द त्यांनी शेवटी सांगितला, तोपर्यंत डोक्यात फिट बसलं होतं. हे मी यूट्यूबवर बघितलं असतं तर मान हलवून पुढे गेले असते.

लॅबचे पीसी स्लो आहेत, स्वतःचा लॅपटॉप न्या. झॅम्प (स्वतःच्या पीसीवर पीएचपी आणि डेटाबेस चालवायचं फुकट सॉफ्टवेअर) घरूनच टाकून जा आणि त्यातला अपाचे हा वेब सर्व्हर चालू होत नसेल तर घाबरू नका, बहुतेक वेळा पोर्ट ८० दुसऱ्याच कुठल्यातरी प्रोग्रामने अडवलेला असतो, सेटिंगमध्ये ८०८० करा, काम होतं. ठाण्याहून ट्रान्स हार्बरने सोपं पडतं, पण रविवारी मेगाब्लॉक बघून निघा.

एचटीएमएल-सीएसएस येत असेल आणि सर्टिफिकेट नको असेल तर सुरुवातीचा भाग तुमच्यासाठी टाईमपास आहे, ते एमडीएन या वेबच्या माहितीच्या साइटवर फुकट आणि ताजं मिळतं. बॅकएंडला, म्हणजे सर्व्हर-डेटाबेसच्या बाजूला, कधी हातच लावला नसेल तर बिनधास्त घ्या, फक्त ॲडमिशनच्या आधी ऑफिसात विचारा की पीएचपीचे प्रॅक्टिकल कोण घेतंय.