‘गहाळ पान’: प्रणय आणि रहस्य जमलंय, खाडीचा हिशेब चुकलाय

प्रणय आणि रहस्य एकत्र आणणाऱ्या कादंबऱ्या बहुतेक वेळा एकाच ठिकाणी फसतात. एक प्रकरण तपासाचं, पुढचं प्रेमाचं, आणि दोघांची गाठ शेवटी बळेच मारलेली. ‘गहाळ पान’ या २८० पानांच्या कादंबरीत ती गाठ चौथ्याच प्रकरणात पक्की बसते. नायक बोलत नाही म्हणून तपास अडतो, आणि तो का बोलत नाही हे शोधता शोधताच नायिका त्याच्यात गुंतत जाते. त्याच्या गप्प राहण्याचं कारण त्याची श्रद्धा आहे. रहस्य, श्रद्धा आणि ओढ या तिन्ही गोष्टी त्या एका कारणावर उभ्या आहेत, आणि म्हणूनच हे पुस्तक वेगळं ठरतं.

गोष्ट ठाण्यातली. तलावपाळीपासून चराईकडे जाताना एक जुनं चर्च (काल्पनिक) आणि तिथल्या स्नानसंस्काराच्या (बाप्तिस्म्याच्या), दमटपणाने आणि वाळवीने पोखरलेल्या नोंदवह्या. त्या दुरुस्त करायला नौपाड्यात वाढलेली एक कागद-संवर्धक येते. मदतीला दिलेला डीकन (धर्मगुरूच्या खालच्या पायरीवरचा दीक्षित), म्हणजे आपला नायक, गुरुदीक्षेच्या, अर्थात धर्मगुरू होण्याच्या, उंबरठ्यावर आहे. एका वहीतलं पान पात्याने कापलेलं दिसतं, आणि थोड्याच दिवसांत चर्चचा जुना कारकून खाडीत मेलेला सापडतो. पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करून मोकळे होतात. डीकनने मात्र, मनात नसताना, पडद्याआडून कुणाचं तरी पापनिवेदन (कन्फेशन) ऐकलेलं असतं.

इथे लेखिकेचा अभ्यास दिसतो. डीकनला पापनिवेदन ऐकण्याचा अधिकारच नसतो, तो धर्मगुरूचा. मग त्याने ऐकलेलं सांगितलं तर काय बिघडतं? कॅथलिक धर्मकायद्यातल्या ९८३व्या कलमाच्या दुसऱ्या भागात उत्तर आहे: दुभाषा असो वा अन्य कोणी, पापनिवेदनातली गोष्ट ज्याच्या कानावर पडली त्यालाही गुप्तता बंधनकारक आहे. दुसरीकडे पोलीस निरीक्षक त्याला सुनावतो की आपल्या पुरावा कायद्यात वकील-अशील आणि पती-पत्नी यांच्यातल्या संवादाला संरक्षण आहे, पापनिवेदनाला तसं स्वतंत्र कलम नाही. तेही बरोबर आहे. दोन कायद्यांच्या मध्ये सापडलेला माणूस असा नेमका उभा केल्यामुळे त्याचं मौन ताणल्यासारखं वाटत नाही.

याच अभ्यासाला एक मोठं भोक पडलंय. गुरुदीक्षेला चार महिने आहेत, तोवर तो मोकळा आहे, असं नायिकेची मैत्रीण म्हणते आणि पुढची साठेक पानं त्याच समजुतीवर चालतात. पण अविवाहित उमेदवार ब्रह्मचर्याचं वचन डीकन होतानाच देतो. ते मोडायचं तर रोमकडून सूट मिळवावी लागते. म्हणजे दोघांमधला अडसर लेखिकेने दाखवला त्याहून कितीतरी कठीण आहे. हे तिच्या लक्षात आलं असतं तर चौदाव्या प्रकरणातला निर्णय दुप्पट जड झाला असता.

ओढ मात्र तिने फार छान लिहिली आहे. सगळ्यात चांगला प्रसंग आठव्या प्रकरणातला. डीकन सुती हातमोजे चढवून वही उचलायला जातो आणि ती त्याला थांबवते. मोज्यांत बोटांना कडा कळत नाही, तुटकं पान धाग्यात अडकून फाटतं. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करायचे, हीच खरी पद्धत. मग ती त्याचे हात पुसते, बोटांच्या बेचक्यांसकट, आणि त्याच्या बोटाखाली पानाची कडा सरकवते. दोघं नजर वर उचलत नाहीत. त्या दीड पानात एकही उघड शब्द नाही, तरी वाचताना श्वास अडकतो. पुढे गव्हाची खळ आणि जपानी टिश्यू या पातळ कागदाने फाटका भाग जोडणंही पायरीपायरीने येतं. खटकतं ते एवढंच की अकराव्या प्रकरणात हीच बाई जुनं पान ओल्या कुंचल्याने पुसते. अशा जुन्या नोंदींच्या लोखंडी शाईला पाणी लागलं की तिच्यातलं लोह पसरतं आणि कागद आणखी लवकर खातं. कसलेल्या हाताकडून हे घडणार नाही.

कोड्याची मांडणी प्रामाणिक आहे. कापलेलं पान कुठे आहे याचा धागा ४१व्या पानावरच वाचकाच्या हाती दिलेला आहे. ईस्ट इंडियन (मुंबई-ठाण्याकडचे मूळचे ख्रिस्ती) घरातली म्हातारी पावसाळ्याआधी बॉटल मसाला भरत असते. गडद तपकिरी बाटल्या, काठीने ठासून ठासून भरलेला मसाला, उजेड आणि ओल लागू नये म्हणून घट्ट बूच. एका बाटलीत मसाला इतरांपेक्षा कमी मावतो. बस, एवढंच वाक्य. घाईने वाचणारा पुढे निघून जातो. गुंडाळलेला कागद अरुंद तोंडातून आत जातो, पण आत गेल्यावर सैल होतो आणि बाहेर येत नाही. बाटली फोडावी लागते. शाईने खाल्लेला कागद अक्षरांच्या रेघांवरच तुटतो, त्यामुळे पान तुकड्यांत मिळतं आणि हवं ते नाव अर्धवट राहतं. शेवटची कलाटणी त्या अर्धवट नावातून निघते, म्हणून ती पटते.

चकवा देण्यासाठी वापरलेला इतिहासही खरा आहे. १३२१मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन संन्यासी मारले गेले आणि त्यांच्या अस्थी ओडोरिक या प्रवाशाने पुढे चीनला नेल्या. कुणीतरी त्या अस्थींच्याच मागे आहे असा संशय मधल्या भागात पेरलाय. वीस पानं कमी चाललं असतं. नायिकेची आई आणि तिचा कोपिनेश्वराचा सोमवार यांना ती वीस पानं द्यायला हवी होती. श्रद्धेची दुसरी बाजू तिथे होती आणि ती दोन प्रसंगांत उरकली आहे.

शेवट चेंदणी बंदरावर, पौर्णिमेच्या मध्यरात्री, उघड्या पडलेल्या चिखलात. इथे सगळं कोसळतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, आणि ठाण्याची खाडी आत असल्याने पाणी थोडं उशिरा चढतं. म्हणजे बाराच्या सुमारास चिखल दिसणारच नाही, उलट उधाणाचं पाणी असेल. ओहोटी हवी होती तर प्रसंग पहाटे सहा-सातला न्यायचा, किंवा तीच वेळ ठेवून अष्टमी घ्यायची. खुन्याचा माग ज्या पावलांच्या ठशांवरून लागतो, ते ठसे या वेळी उमटणंच शक्य नाही.

छपाई स्वच्छ आहे, टाइप मोठा आहे. ‘ब्रदर’ आणि ‘डीकन’ एकाच संवादात आलटून पालटून येतात; चर्चशी परिचय नसलेला वाचक ही दोन माणसं समजू शकतो. पाठीला नुसता गोंद आहे, शिवण नाही, त्यामुळे पुस्तक उलटं मोडून धरू नका. मधली पानं सुटतात.