हीटरची कॉइल बदलली म्हणे!

हीटरमधून गरम हवा येत नाही अशी तक्रार घेऊन गेल्यावर गॅरेजवाला एसीचा गॅस तपासायला लागला, तर तिथेच किल्ली परत मागा. पेट्रोल-डिझेलच्या साध्या गाडीत हीटरचा आणि गॅसचा संबंध नसतो. इंजिन थंड ठेवणारं पाणी, म्हणजे कूलंट, तापतं, ते दोन रबरी पाइपांतून डॅशबोर्डमागच्या छोट्या जाळीत फिरतं आणि ब्लोअर त्या जाळीवरून हवा ढकलतो. हीटर म्हणजे एवढंच. ही जाळी म्हणजेच गॅरेजच्या बोलीतली हीटर कॉइल, आणि माझ्याकडून पैसे काढले ते तिच्याच नावावर.

माझी गाडी 2009 ची पेट्रोल हॅचबॅक. निफाडच्या बाजूला राहणाऱ्याला हीटर ही चैन नाही. डिसेंबर-जानेवारीत इकडे पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. पहाटे निघालं की काच आतून धुरकटते आणि मागे लाल दिवा नसलेली उसाची ट्रॉली अगदी पुढ्यात आल्यावर दिसते.

आमच्या नेहमीच्या गॅरेजवाल्याने आधी गॅस भरला. “साहेब, काचेवरचं दव एसीनेच जातं,” हे त्याचं समर्थन. हे अर्धसत्य आहे, म्हणून पटतं. एसी हवेतला दमटपणा शोषतो, त्यामुळे काच लवकर साफ होते हे खरं. पण हवा गरम करणं एसीचं काम नाही, आणि माझी तक्रार गरम हवेचीच होती.

गॅस भरूनही हवा कोमटच. मग निदान बदललं. “कॉइल चोकअप झालीय. अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, गाडी ठेवून जा.” गाडी परत मिळाली तेव्हा कॉइल आणि मजुरी मिळून बिल नऊ हजारांच्या वर गेलं होतं. बिल तरी कसलं, जीएसटी नंबर नसलेल्या पावतीपुस्तकातला एक कागद. त्या दिवशी हवा जरा गरम लागली, कारण गाडी त्याने आधीच बराच वेळ चालू ठेवली होती.

डॅशबोर्ड खरंच उतरला का, हे ओळखायला मिस्त्री असावं लागत नाही. त्यासाठी स्टीअरिंग काढतात, वायरिंगचे सॉकेट सोडतात आणि त्याआधी बॅटरीची तार काढतात. तार काढली की माझ्या स्टिरिओचं घड्याळ नव्याने लावावं लागतं, साठवलेली रेडिओ स्टेशनं पुसली जातात. इथे घड्याळ नेहमीसारखंच सात मिनिटं पुढे आणि स्टेशनं जागच्या जागी. डॅशबोर्ड आणि दरवाजाकडचा खांब यांच्या फटीवर मुलीने चिकटवलेला स्टिकरसुद्धा फाटला नव्हता. कॉइल बदलायची तर कूलंट काढावं लागतं; बाटलीत पूर्वीचंच तांबूस पाणी होतं.

जुनी कॉइल मागितली. “भंगारवाला कालच घेऊन गेला.” नव्या कॉइलचं खोकं? “तेही त्यातच गेलं.” मोठा तत्पर भंगारवाला!

खरा दोष सापडला नाशिकला, सातपूरकडच्या एका वयस्कर मिस्त्रींकडे. त्यांनी आधी बॉनेट उघडलंच नाही, माझ्या शेजारी बसून हायवेवर चक्कर मारायला लावली. तापमानाचा काटा तळाशीच राहिला. सिग्नलला थांबलो की जरा वर यायचा, वेग घेतला की पुन्हा खाली. “इंजिनच तापत नाही दादा, हीटर काय करेल बिचारा?” मग त्यांनी इंजिनमागचे दोन्ही हीटर पाइप हाताने चाचपायला लावले. दोन्ही कोमट. एक कढत आणि दुसरा गार असता, तर पाइपातला हीटरचा कॉक बंद किंवा कॉइल तुंबलेली. दोन्ही कढत असून हवा गार, तर आतली झडप किंवा तिची केबल अडकलेली. हवाच कमी येत असेल, तर ब्लोअर किंवा केबिन फिल्टर बघायचा. दोन्ही कोमट असले की आधी कूलंटची पातळी, मग थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानानुसार पाणी अडवणारा-सोडणारा वॉल (व्हॉल्व्ह). (हे चाचपताना पंख्याच्या पट्ट्यापासून हात लांब ठेवा, आणि गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडू नका.)

पातळी बरोबर होती. इंजिन गार झाल्यावर त्यांनी थर्मोस्टॅटचं घर खोललं. आत थर्मोस्टॅटच नव्हता. इंजिन साधारण 80-90 अंशांपर्यंत तापेतो हा वॉल पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही. तोच काढला की थंडीत इंजिन गारठलेलं राहतं, पेट्रोलही जास्त जातं. हिवाळ्यात माझं ॲव्हरेज का पडलं, तेही तिथेच कळलं.

मे महिन्यात कसारा घाटात गाडी तापली होती आणि काम याच नेहमीच्या गॅरेजमध्ये झालं होतं. पावती घरी सापडली: “थर्मोस्टॅट वॉल सर्व्हिस”. सर्व्हिस म्हणजे वॉल काढून टाकला. मूळ बिघाड रेडिएटरच्या पंख्याच्या रिलेत, म्हणजे पंखा चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचात होता, तो तसाच ठेवून. उन्हाळ्यात स्वतःच करून ठेवलेला घोटाळा त्याने हिवाळ्यात मला कॉइल म्हणून विकला. सातपूरच्या मिस्त्रींनी आधी रिले बदलला, मग नवा थर्मोस्टॅट आणि ताजं कूलंट घातलं, पाइपांतली हवा काढली. तेवढ्यात हीटर इतका तापला की काच खाली करावी लागली. नवा वॉल हजाराच्या आतच आला. जुना रिले त्यांनी न मागता हातात ठेवला.

दोन्ही पावत्या, स्टिकरचे फोटो आणि मिस्त्रींनी बिलावर लिहून दिलेलं निदान घेऊन मी पहिल्या गॅरेजात गेलो. आवाज चढवला नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर मोबाइलवर काढून दाखवला आणि जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी लागत नाही, मुदत 2 वर्षांची असते, एवढं सांगितलं. कॉइलचे आणि मजुरीचे पैसे त्याने दोन हप्त्यांत परत केले. गॅसचे दिले नाहीत. गॅस तर खरंच भरला होता, असं त्याचं म्हणणं. एसी त्याआधीही उत्तम गार करत होता, ही गोष्ट वेगळी.