स्वालबार्ड की इलुलिसाट?

उत्तर ध्रुवाकडच्या सहलीवर एकदाच एवढा खर्च करायचा असेल, तर मी स्वालबार्डला जाईन. नॉर्वेच्या या बेटसमूहातलं लाँगयिअरब्येन ७८ अंश उत्तरेला, तरी ऑस्लोहून थेट विमान. गाव वसलं कोळशावर, आता चालतं पर्यटन आणि संशोधनावर. खाणीची काजळी घरात नको म्हणून दारात बूट काढायची सवय मात्र टिकलीय. संग्रहालयातही मोज्यांवर फिरायचं. आपल्याला त्यात नवल ते काय! गावाबाहेर पांढऱ्या अस्वलांच्या भीतीने बंदूकवाला वाटाड्या सोबत लागतो. आणखी वर, न्यू-ऑलेसुंडला, २००८ पासून भारताचं ‘हिमाद्री’ संशोधन केंद्र आहे.

डेन्मार्कच्या अखत्यारीतल्या ग्रीनलंडमधलं इलुलिसाट ६९ अंशांवर, म्हणजे बरंच खाली. पण हिमनग बघायचे तर तेच. तिथला फ्योर्ड, म्हणजे हिमनदीने कोरलेली खाडी, २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. गावाचं पोट हॅलिबट मासा आणि कोळंबीवर. गावागावांना जोडणारे रस्तेच नाहीत, बोट नाहीतर विमान. खिसा रिकामा होतो.

व्हिसाची गोम वेगळीच. स्वालबार्डला व्हिसा लागत नाही, पण नॉर्वेमार्गे जायचं म्हणजे शेंगेन, युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक व्हिसा, हवाच. तोही दोनदा प्रवेशाचा, कारण परतताना पुन्हा नॉर्वेत शिरायचं असतं. ग्रीनलंडला नुसता शेंगेन चालत नाही. डेन्मार्कच्या व्हिसावर ग्रीनलंडचा उल्लेख आहे ना, ते आधी बघा.