रिटर्नची धार पाहून जुनी गाडी घेऊ नका

जुन्या ब्रिटिश मोटरसायकली विकणारा माणूस गिऱ्हाईक आलं की किक मारतो, ऑइलच्या टाकीचं झाकण काढतो, आत टॉर्च मारतो आणि वाकून बघायला सांगतो. रिटर्नच्या नळीतून ऑइल परत टाकीत पडताना दिसतं. "पंप ओके, म्हणजे इंजिन ओके," असं म्हणून तो झाकण लावतो आणि भावाची बोलणी सुरू होतात. नेमकं हेच दाखवून मला फसवलं गेलं. पैसे गेलेच, पण त्याहून जास्त लागलं ते हे, की ऐंशी वर्षं टिकलेलं एक इंजिन आतून जळालं. ती युक्ती पूर्ण उलगडून सांगते. ती वापरणारा तो एकटाच असेल, असं मला वाटत नाही.

गाडी होती बीएसए एम 20. 496 सीसीचं साइड व्हॉल्व्ह सिंगल इंजिन, ताकद अवघी 13 हॉर्सपॉवर, पण चिखलातून आणि खडकातून माणूस वाहून नेणारी. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यासाठी या गाड्या सव्वा लाखाच्या आसपास बनल्या. त्यातल्या कितीतरी हिंदुस्थानात आल्या आणि युद्ध संपल्यावर लष्कराने काढून टाकल्या. माझ्या आजोबांनी अशीच एक लिलावात घेतली होती. वडील शाळेत असताना ती विकावी लागली. तेव्हापासून घरात तिचा फक्त फोटो आहे, आणि पुन्हा एम 20 घ्यायची हे माझ्या डोक्यात फार वर्षांपासून होतं.

कोल्हापूर-सांगली पट्ट्यातल्या एका विक्रेत्याकडे गाडी असल्याचं कळलं. माणसाचं नाव लिहीत नाही. त्याची मोठी शेड आहे, आत ओळीने जुन्या गाड्या, आणि बोलणं अगदी घरच्यासारखं. "ताई, या की. चहा घ्या आधी. गाडी कुठं पळून जातीय?" एम 20 बाहेर काढून ठेवलेली होती. तिसऱ्या किकला लागली. सायलेन्सरमधून निळा धूर आला, तर मी विचारायच्या आधीच तो म्हणाला, "उभी होती ना, चेंबरात ऑइल उतरलंय. तेवढं जळलं की धूर बंद. ह्या समद्या ब्रिटिश गाड्यांचं असंच असतंय."

हे खरं आहे, आणि म्हणूनच ते इतकं सहज पटतं. या इंजिनात ऑइल खाली चेंबरमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या इंजिनाच्या तळच्या पोटात, साठवलेलं नसतं. ते सीटखालच्या वेगळ्या टाकीत असतं. चेंबरच्या तळाशी गिअरचा जोडपंप असतो. त्याचा एक भाग टाकीतलं ऑइल ओढून क्रँकमधून बिग एंडला, म्हणजे कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथल्या रोलरच्या बेअरिंगला देतो, तो फीड. दुसरा भाग चेंबरच्या तळाशी जमलेलं ऑइल उचलून परत टाकीत टाकतो, तो रिटर्न. टाकी वर आणि पंप खाली असल्यामुळे गाडी बरेच दिवस उभी राहिली की ऑइल झिजलेल्या गिअरमधून हळूहळू चेंबरमध्ये उतरतं. मग चालू करताना धूर येतो. जुन्या गाडीच्या मालकाला यात नवल वाटत नाही.

मग त्याने टाकीचं झाकण काढलं. रिटर्नच्या नळीतून करंगळीएवढी जाड, सलग धार पडत होती. मी मोबाइलवर व्हिडिओ घेतला, तर त्याने टॉर्च नीट धरून मदतच केली. इंग्लंडहून मागवलेल्या नव्या पंपाचं बिलही दाखवलं. इंजिनाचा आवाज एवढा मऊ होता की माझ्या थोरल्या भावाने मान डोलावली. व्यवहार 2 लाख 40 हजारांना ठरला.

आता त्या धारेबद्दल. रिटर्नच्या गिअरची क्षमता फीडपेक्षा मुद्दाम जास्त ठेवलेली असते, म्हणजे चेंबरमध्ये ऑइल तुंबत नाही. त्यामुळे ठणठणीत इंजिनात, सुरुवातीचं साठलेलं ऑइल उचलून झालं की रिटर्न तुटक येतो. थोडं ऑइल, थोडी हवा, पुन्हा ऑइल, सगळं फेसाळ आणि थुंकल्यासारखं. सलग जाड धार याचा अर्थ एकच, चेंबर अजून भरलेला आहे. ती धार फक्त एवढंच सांगते की पंपाचा रिटर्नचा भाग फिरतो आहे. बिग एंडला ऑइल जातंय का, याबद्दल ती काहीच सांगत नाही. जे बघून आपण निश्चिंत होतो, ते फीडचा पत्ता नसतानाही दिसू शकतं, निदान चेंबरमधला साठा संपेपर्यंत. आणि विक्रेत्याने तो साठा संपायच्या आत इंजिन बंद केलं होतं.

गाडी टेम्पोने पुण्याला आली. निघताना त्याने बजावलं होतं, "झाकण सारखं उघडू नका ताई, धूळ जाते आत." त्या वेळी ही काळजी वाटली होती. पहिल्या मोठ्या फेरीतच, सिंहगड रस्त्यावर, इंजिनातून टकटक सुरू झाली. ती खडखडाटात गेली आणि मागचं चाक एकदम धरलं. क्लच वेळेत दाबला गेला म्हणून मी रस्त्यावर आपटले नाही. मागून पीएमपीची बस येत होती. फसवणूक म्हटलं की लोक पैशांचं बोलतात. चालत्या गाडीचं इंजिन जाम झालं तर माणूस जातो, हे कोणी बोलत नाही.

आमच्याकडचे मिस्त्री, त्यांना सगळे चाचा म्हणतात, आयुष्यभर याच गाड्या खोलत आले आहेत. इंजिनाला हात लावायच्या आधी त्यांनी टाकीत बोट बुडवलं, वास घेतला आणि म्हणाले, "बेटा, हे इंजिन ऑइल नाही. हे गिअरबॉक्सचं आहे, 140 नंबर." त्या ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो, एकदा घेतला की विसरत नाही. या इंजिनाला सरळ 50 ग्रेडचं किंवा 20डब्ल्यू-50 पुरतं. 140 घालण्याचं कारण एकच असतं, झिजलेल्या बिग एंडचा आवाज दाबणं. आमच्या कानाला गोड वाटलेला तो मऊ आवाज तिथून आला होता.

मग त्यांनी फीडची नळी चेंबरच्या बाजूने सोडली. टाकी भरलेली, नळी मोकळी, आणि खाली एक थेंब पडेना. नळी कापली तर आत पितळेचा, लेथवर कातलेला छोटा तुकडा निघाला. त्यात बॉल आणि त्यामागे स्प्रिंग. पंपाचे गिअर झिजल्यामुळे रातोरात ऑइल चेंबरमध्ये उतरायचं, ते थांबवायला कोणीतरी हा घरगुती व्हॉल्व्ह बसवला होता. झिजलेल्या पंपात तो स्प्रिंग ओढून उघडायची ताकद नव्हती, वर ऑइल काकवीसारखं दाट. बिग एंड कोरडाच फिरत होता. क्रँक उघडल्यावर रोलर निळे-काळे पडलेले, पिनेला खड्डे, कनेक्टिंग रॉडचं तोंड भाजलेलं. आणि पंप? बिलावरचा नवा पंप या गाडीत कधी बसलाच नव्हता. आतले गिअर जुनेच, ओरखड्यांनी भरलेले.

विक्रेत्याला फोन केला, तर "जुन्या गाडीला गॅरंटी कसली ताई? तुम्ही बघून घेतलीय," एवढंच. त्याला हे ठाऊक नव्हतं असं म्हणायला जागा उरली नाही, कारण पुढे मला साताऱ्याचे एक गृहस्थ भेटले. हीच गाडी त्यांनी आधी घेतली होती. तीच टकटक ऐकून त्यांनी ती वेळेत थांबवली आणि तोटा सोसून त्यालाच परत दिली. त्या शेडमध्ये पूर्वी काम केलेल्या एका पोराने त्यांना सांगितलं होतं की गिऱ्हाईक यायच्या आधी चेंबरमध्ये वरून जादा ऑइल भरून ठेवायची तिथली रीतच आहे. म्हणजे मी जी धार वाकून बघितली, ती माझ्यासाठीच तयार केलेली होती.

ही युक्ती चालते त्यामागे अजून एक कारण आहे. जुलै 2021 मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून 50 वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना विंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली. नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, नव्या नोंदणीचं शुल्क 20 हजार रुपये. नियम चांगला आहे, त्यामुळे कितीतरी गाड्या भंगारातून वाचतील. पण अशी गाडी रोजच्या वापरात चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, इतकंच. त्यामुळे विकणाऱ्याला माहीत असतं की बहुतेक गिऱ्हाइकं गाडी दिवाणखान्याशेजारी उभी करणार आणि वर्षातून एखाद्या वेळी थोडा वेळ चालू करणार. आतला दोष उघडा पडेपर्यंत मुदती आणि पुरावे दोन्ही संपलेले असतात. माझी गाडी मी खरोखर चालवली, म्हणून दोष लवकर कळला.

तर ऑइलचं हे फिरणं, म्हणजे सर्क्युलेशन, तपासायचं कसं? चाचांनी शिकवलेली पद्धत सांगते. ती एम 20 ला लागू आहे, आणि नॉर्टन 16 एचसारख्या वेगळी ऑइल टाकी असलेल्या बाकीच्या गाड्यांनाही तत्त्व हेच.

गाडी थंड असताना जा. तुम्ही पोचायच्या आधी चालू करून ठेवली असेल तर परत या, दुसरा दिवस मागा. चेंबरच्या तळाशी प्लेट असते, ती तुमच्यासमोर सोडायला लावा आणि आतलं ऑइल भांड्यात काढा. किती निघतं ते बघा, बोटाला लावून बघा, वास घ्या. त्यात पितळेची चमक किंवा पोलादाची कणी दिसली तर तिथूनच घरी जा. तिथली जाळी हातात घेऊन बघायला विसरू नका. या इंजिनांना आजच्यासारखा कागदी फिल्टर नसतो, जाळ्याच असतात, आणि इंजिनाची खरी कहाणी त्यांच्यात अडकलेली असते. प्लेट काढलेली असतानाच तारेचा तुकडा रिटर्न उचलणाऱ्या नळीत घालून आतला बॉल वर ढकला. तो हलला पाहिजे. उभ्या गाडीत हा बॉल चिकटून बसतो आणि रिटर्न येत नाही. तो दोष किरकोळ आहे, त्यावरून गाडी नाकारू नका.

मग फीडची नळी चेंबरकडून सोडा. टाकीत ऑइल आहे आणि वाटेत काही अडवणारं नाही, तर ते आपोआप वाहिलं पाहिजे. थेंब थेंब येत असेल तर विचारा, नळीत काय आहे? कोणी नळ बसवला असेल तर तोही बघा. काही जण गाडी उभी करताना ऑइल उतरू नये म्हणून फीडला नळ लावतात, आणि तो बंद असताना इंजिन चालू केलं तर माझ्यासारखंच होतं.

सगळं परत जोडलं की खरी परीक्षा येते. आता चेंबर रिकामा आहे. स्पार्क प्लग काढून भरपूर किका मारा, मग प्लग लावून गाडी चालू करा आणि झाकण उघडून थांबा. आता जे ऑइल रिटर्नमधून येईल ते टाकीतून निघून, पंपातून, क्रँकमधून, बिग एंडमधून, चेंबरमध्ये पडून वर आलेलं असेल. दुसरीकडून यायला वाटच नाही. सुरुवातीला काही येणार नाही, मग तुटक, फेसाळ थुंकी सुरू होईल. ती बघितल्यावर भाव बोला. दोन मिनिटांत काही आलं नाही तर इंजिन लगेच बंद करा. विक्रेता "अजून थोडा वेळ द्या" म्हणाला तरी ऐकू नका, त्या थोड्या वेळातच रोलर जातात.

प्लेट काढू द्यायला विक्रेत्याने नकार दिला, तर मी तो नकारच उत्तर समजेन. ज्याच्या इंजिनात लपवण्यासारखं काही नाही, तो पाना स्वतः आणून देतो. असे दोघे जण मला नंतर भेटले, दोघांनीही माझ्यासमोर चेंबर रिकामा केला. त्यातल्या एकाने तर मी न विचारता सांगितलं की बिग एंड दुरुस्तीला आलाय आणि भाव त्या मानानेच लावलाय. या छंदात अशी माणसंही आहेत, हे सांगितलं नाही तर त्यांच्यावर अन्याय होईल.

दाद मागायची असेल तर आधी हे ठरवा, की गाडी धंदा करणाऱ्याने विकली आहे की कोणी घरची गाडी विकली आहे. धंदा करणारा असेल तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, आणि व्यवहार पाच लाखांपर्यंतचा असेल तर शुल्क लागत नाही. खोटं बिल दाखवलं असेल तर पोलिसांकडे भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणुकीची तक्रारही देता येते. मी आयोगात तक्रार दिली आहे. सोबत कापलेली नळी, व्हॉल्व्हचा तुकडा, चाचांचं लेखी म्हणणं, पंपाचे फोटो आणि माझा तो व्हिडिओ आहे. व्हिडिओत धार सलग आहे, एकही बुडबुडा नाही, आणि इंजिन बंद करणारा हात विक्रेत्याचा आहे.

अडचण आहे ती विक्रीच्या कागदाची. त्यावर "जशी आहे तशी" एवढाच शेरा आहे, आणि नव्या पंपाचा उल्लेख कुठेच नाही. बिल त्याने दाखवलं आणि परत खिशात घातलं. तुम्ही गाडी घेताना जे जे तोंडी सांगितलं जाईल, पंप कधी बदलला, बिग एंड कोणी केला, इंजिनात कोणतं ऑइल आहे, ते सगळं तारखेसह त्याच कागदावर लिहून घ्या आणि बिलाचा फोटो काढल्याशिवाय पैसे देऊ नका.