एचटीएमएल झालं, आता आधी सीएसएस की जावास्क्रिप्ट?

एचटीएमएलचे टॅग हाताला बसले की हा प्रश्न येतोच: पान कसं दिसेल ते ठरवणारं सीएसएस आधी, की पान कसं वागेल ते ठरवणारं जावास्क्रिप्ट? "दोन्ही शिका" हे उत्तर बरोबर आहे, पण कामाचं नाही, कारण सुरुवातीचा वेळ कुठल्या तरी एकालाच द्यावा लागतो. माझं मत सीएसएसला. ते सोपं आहे म्हणून नव्हे. सोपं तर ते मुळीच नाही.

दोघांचा स्वभाव कळतो तो आपण चुकल्यावर. जावास्क्रिप्टमध्ये कंस राहिला किंवा नाव चुकलं, की ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (चुका दाखवणाऱ्या खिडकीत) फाइलचं नाव आणि ओळ क्रमांकासकट लाल अक्षरात तक्रार येते. सीएसएस न समजलेली ओळ मुकाट्याने सोडून देतं. रंग बदलत नाही आणि का बदलत नाही ते कोणी सांगत नाही. म्हणून सीएसएस शिकताना ब्राउझरच्याच डेव्हलपर टूल्समधला एलिमेंट्स टॅब उघडाच ठेवा. नाकारलेली ओळ तिथे खोडलेली दिसते.

त्यातून काही वेळा ओळ बरोबर असूनही निकाल भलताच येतो. चौकोनाची विड्थ 300 पिक्सेल दिली, चहूबाजूंनी 20 चं पॅडिंग (मजकूर आणि कडेमधली मोकळी जागा) आणि 1 ची बॉर्डर दिली, तर तो पानावर 342 पिक्सेल जागा खातो. कारण काही वेगळं सांगितलं नसेल तर विड्थ फक्त आतल्या मजकुराची मोजली जाते. बॉक्स-सायझिंगला बॉर्डर-बॉक्स दिलं की तोच चौकोन 300 मध्ये बसतो. हे एकदा डोक्यात शिरलं की निम्मी चिडचिड संपते.

जावास्क्रिप्टही दर वेळी ओरडतं असं नाही. दोन इनपुटमध्ये 5 आणि 1 भरून बेरीज करा, उत्तर 51 येतं. वजाबाकी मात्र बरोबर 4. इनपुटमधून येतो तो मजकूर असतो आणि अधिकचं चिन्ह मजकूर जोडत सुटतं. आधी नंबरमध्ये बदलून घ्या.

मग सीएसएस आधी का? कारण नवशिक्याची जावास्क्रिप्ट बहुतेक वेळा एवढंच करते: क्लिक झालं की एखादा क्लास लावणं किंवा काढणं. मेनू उघडलेला दिसतो तो त्या क्लासच्या सीएसएसमुळे. शिवाय माउस नेल्यावर रंग बदलणं, हळूच सरकणं, यांना स्क्रिप्ट लागतच नाही. उघडझाप होणारा मजकूर तर एचटीएमएलच्या डिटेल्स टॅगनेच होतो.

अपवाद आहेच. आधी कुठल्याही भाषेत प्रोग्रामिंग केलं असेल, किंवा कॅल्क्युलेटर, छोटा गेम असंच काही बनवायचं असेल, तर जावास्क्रिप्टपासूनच सुरुवात करा. पान ओबडधोबड दिसेल, दिसू दे.

बूटस्ट्रॅप (तयार सीएसएसचा संच, 2011) आणि रिअ‍ॅक्ट (जावास्क्रिप्टची लायब्ररी, 2013) दोन्ही सध्या बाजूला ठेवा. त्यांच्या अडचणी सोडवायला मूळ सीएसएस आणि जावास्क्रिप्टच लागतं. फ्लोटवर (गोष्टी डावी-उजवीकडे ढकलण्याची जुनी पद्धत) लेआउट, म्हणजे पानाची मांडणी, शिकवणारे जुने धडेही टाळा; मांडणीसाठीच बनवलेलं सीएसएसचं ग्रिड 2017 पासून मुख्य ब्राउझरमध्ये आहे.

सीएसएस किती शिकायचं? सिलेक्टर (नियम कोणाला लागू ते सांगणारा), बॉक्स मॉडेल (वर पाहिलेला चौकोनाचा हिशेब), फ्लेक्सबॉक्स (गोष्टी ओळीत किंवा रकान्यात मांडणं), मीडिया क्वेरी (स्क्रीनच्या आकारानुसार नियम बदलणं). मोठ्या स्क्रीनवर आडवा आणि मोबाइलवर उभा दिसणारा मेनू स्वतः लिहिता आला की तिथे थांबा, आणि त्याच मेनूला उघड-बंद करणारं बटण जोडायला घ्या.