आठ महिने मेशची उपशीर्षकं वापरून: साडेतीन तारे, तेही कुरकुरत

औषधांमुळे लिव्हरला होणाऱ्या इजेवरचे लेख हवे आहेत. पबमेड या वैद्यकीय लेखांच्या शोधयंत्रातल्या मेश पानावर (मेश म्हणजे लेखांना लावायच्या ठरावीक विषय-शीर्षकांची सूची) 'लिव्हर डिसीजेस' उघडा, 'केमिकली इंड्यूस्ड' या उपशीर्षकापुढे (उपशीर्षक म्हणजे शीर्षकाचा नेमका पैलू सांगणारा जोडशब्द) टिक करा, सर्च बिल्डरमध्ये टाका, शोध मारा. यादी भरगच्च येते. फक्त नेमक्या याच विषयाला वाहिलेले बरेचसे लेख तिच्यात नसतात. कारण मेशमध्ये 'केमिकल अँड ड्रग इंड्यूस्ड लिव्हर इंज्युरी' असं वेगळं शीर्षक आहे. ते मेशच्या वृक्षात लिव्हर डिसीजेसच्याच फांदीवर आहे, म्हणजे नुसतं वरचं शीर्षक घेतलं तर ते आपोआप आत येतं. पण तिरकी रेघ मारून पुढे 'केमिकली इंड्यूस्ड' लिहिलं, की फांदीवरच्या ज्या शीर्षकामुळे लेख येणार, त्याला हेच उपशीर्षक चिकटलेलं असायला हवं अशी अट होते. ज्याच्या नावातच कारण आलंय, त्याला इंडेक्सर (लेखांना शीर्षकं लावणारा) पुन्हा कारणाचं शेपूट कशाला लावेल? लेख गळतात, आणि स्क्रीनवर त्याबद्दल चकार शब्द नसतो.

आठ महिन्यांच्या वापरानंतर माझी मुख्य तक्रार हीच आहे आणि ती मी या परीक्षणात तीनदा करणार आहे. ही पहिली वेळ.

मेशबद्दल इथे फार सांगत बसत नाही. १९६० पासून चालत आलेली, दरवर्षी डागडुजी होणारी शब्दसूची. शीर्षकं तीस हजारांच्या घरात, उपशीर्षकं जेमतेम पाऊणशे. फुकट आहे, हा गुण मी आधी मोजतो.

उपशीर्षक खरं कुठे कामाला येतं? दोन गोष्टींमधलं नातं कोणत्या दिशेचं आहे, हे सांगायला. 'ॲस्पिरिन' आणि 'ब्लीडिंग' हे शब्द नुसते टाकले, तर ॲस्पिरिनने रक्तस्राव झालेले रुग्ण येतात, रक्तस्राव थांबल्यावर ॲस्पिरिन पुन्हा कधी सुरू करावं याची चर्चा येते, आणि स्ट्रोक टाळण्याच्या चाचण्यांत दुय्यम निष्कर्ष म्हणून रक्तस्राव मोजलेले पेपरही येतात. त्याऐवजी एका बाजूला 'ॲस्पिरिन' तिरकी रेघ 'ॲडव्हर्स इफेक्ट्स', दुसऱ्या बाजूला 'गॅस्ट्रोइंटेस्टायनल हेमरेज' तिरकी रेघ 'केमिकली इंड्यूस्ड', आणि मध्ये अँड. गर्दी झपकन ओसरते. कोणी केलं आणि कोणाला झालं, हे दोन्ही टोकांनी बांधलं जातं. उपचारांची जोडीही अशीच: औषधाला 'थेराप्यूटिक यूज', आजाराला 'ड्रग थेरपी'. उलटं लावायला जाऊ नका. औषधाच्या शीर्षकाला 'ड्रग थेरपी' लागत नाही, आजाराला 'थेराप्यूटिक यूज' लागत नाही. मेशच्या पानावर त्या शीर्षकाला चालणारीच उपशीर्षकं दिसतात, त्यामुळे हाताने टाइप करण्याआधी एकदा तिथे डोकावलेलं बरं. एकदा खात्री झाली की दोन अक्षरी खुणा पुरतात: एई, सीआय, टीयू, डीटी.

एक वाईट सवय मात्र सगळीकडे दिसते. शीर्षक एकीकडे, उपशीर्षक एसएच टॅग (हा शब्द उपशीर्षक म्हणून शोधा, अशी खूण) लावून दुसरीकडे, मध्ये अँड. याला तरंगतं उपशीर्षक म्हणतात. ते लेखातल्या कोणत्याही शीर्षकाला चिकटलेलं असलं तरी चालतं. 'अस्थमा' अँड तरंगती 'सर्जरी' असा शोध दिला, तर नाकातल्या पॉलिपची शस्त्रक्रिया झालेले दम्याचे रुग्ण दारात उभे. तिथे 'सर्जरी' चिकटलीय 'नेझल पॉलिप्स'ला, दमा नुसता सोबतीला आहे. आणि ज्यांना वाटतं की आपण उपशीर्षकाच्या वाटेला कधी गेलोच नाही, त्यांनी ॲडव्हान्स्ड पानावर जाऊन आपल्या शोधाचे डिटेल्स उघडून बघावेत. साध्या खिडकीत 'अस्थमा थेरपी' असं टाइप केलं की पबमेड 'थेरपी'चा अर्थ लावताना तरंगतं उपशीर्षक स्वतःहून घालतं. अवतरणचिन्हात टाकलं की हे भाषांतर बंद होतं; पण मग 'हार्ट अटॅक'चं 'मायोकार्डियल इन्फार्क्शन' होणंही बंद होतं, हे लक्षात ठेवावं.

आता जिथे मत बदललं ती गोष्ट. पहिले दोन महिने माझं ठाम मत होतं की 'थेरपी' हे उपशीर्षक बिघडलेलं आहे. एका शीर्षकाला ते लावलं की आहारोपचार, औषधं, नर्सिंग, रेडिओथेरपी, पुनर्वसन, शस्त्रक्रिया, प्रत्यारोपण, आणि वर 'प्रिव्हेन्शन अँड कंट्रोल'सुद्धा! प्रतिबंध म्हणजे उपचार नव्हे, हे सूची करणाऱ्यांना कळत नाही का, असं वाटायचं. पबमेडमध्ये जशी शीर्षकं आपल्या पोटातल्या शीर्षकांसह फुगतात, तशी उपशीर्षकंही फुगतात, आणि ही फुगवणी मुद्दाम बंद करेपर्यंत चालूच असते.

ती बंद करून पाहिल्यावर मत फिरलं. इंडेक्सिंगचा नियम असा की जे सर्वांत नेमकं असेल ते लावायचं. गोळ्यांच्या चाचणीवरच्या लेखाला 'ड्रग थेरपी' लागतं, 'थेरपी' नाही. म्हणजे फुगवणी नसती तर 'थेरपी' मागणाऱ्याला औषधं आणि शस्त्रक्रिया सोडून उरलेला चुरा मिळाला असता. बिघाड नाही, सोय आहे. बंद करण्याची पद्धत मात्र खरोखर आडमुठी. एमएच टॅगच्या (मेश शीर्षकाची खूण) पुढे कोलन देऊन नोएक्सप लिहिलं, की दोन्ही फुगवण्या एकदम जातात. 'अस्थमा' तिरकी रेघ 'थेरपी'ला हे लावलंत तर उपशीर्षक नेमकं झालं खरं, पण व्यायामाने होणारा दमा, कामाच्या जागी होणारा दमा, ॲस्पिरिनमुळे उठणारा दमा, स्टेटस अस्थमॅटिकस, हे सगळे पोटातले प्रकारही हद्दपार झाले. फांदी ठेवून फक्त उपशीर्षक आवळायचं, तर हवी ती नेमकी उपशीर्षकं एकेक टिक करून ऑरने जोडणं हाच सरळ रस्ता. एका शीर्षकाला एका वेळी एकच उपशीर्षक चिकटतं, म्हणून ओळ लांबते. लांबू दे.

'इटिऑलॉजी', म्हणजे आजाराची कारणं, या उपशीर्षकाबद्दल मात्र मत बदललेलं नाही. तिच्या पोटात जेनेटिक्स, इम्युनॉलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, ट्रान्समिशन हे ठीक. पण 'कॉम्प्लिकेशन्स'ही तिथेच. म्हणजे मधुमेह कशाने होतो हे विचारलं, की मधुमेहाने काय काय होतं हेही ताटात पडतं. जिथे दिशा हाच या साधनाचा जीव, तिथे ही वाढणी अक्षम्य आहे. कारणांसाठी मी आता 'इटिऑलॉजी' टिक करतच नाही; खालची हवी तेवढी वेगळी उचलतो.

आणखी एक बारीक कुरकुर: रेडिओग्राफी, अल्ट्रासोनोग्राफी आणि रेडिओन्यूक्लाइड इमेजिंग ही पूर्वी वेगवेगळी उपशीर्षकं होती. ती आता 'डायग्नॉस्टिक इमेजिंग'मध्ये मिसळली आहेत. तीन चमचे देऊन एक पळी घेतल्यासारखं झालं. फक्त सोनोग्राफी हवी असेल तर 'अल्ट्रासोनोग्राफी' हे शीर्षक अँडने वेगळं जोडावं लागतं.

आता तक्रारीची दुसरी वेळ. पबमेडमधल्या सगळ्या नोंदींना मेश लागलेलं नसतं. मेडलाइनमध्ये (पबमेडचा मेश लागणारा मुख्य भाग) नसलेल्या नियतकालिकांचे लेख, प्रकाशकांकडून नुकत्याच आलेल्या नोंदी, यांना शीर्षकच नाही, तर उपशीर्षक कुठून? २०२२ पासून मेडलाइनचं इंडेक्सिंग यंत्रावर गेलंय, माणूस निवडक नोंदी तपासतो. त्यामुळे वाट पाहणं कमी झालं, पण जे मेडलाइनबाहेर आहे ते बाहेरच. शिवाय एखाद्या लेखाला शीर्षक लागूनही उपशीर्षक एकही नसणं अगदी सामान्य आहे. तिरकी रेघ मारली की हे सगळे बाद, आणि वर मिळालेल्या लेखांचा आकडा असा दिमाखात दिसतो की जणू एवढंच जगात होतं. 'ह्यूमन्स'चा आणि वयोगटांचा फिल्टरही मेशवरच चालतो, त्यामुळे तिथेही हीच गळती.

प्राण्यांवरचे लेख काढणाऱ्यांनी तर जपून. 'नॉट ॲनिमल्स' असं सरळ लिहिलं की माणसांवरचे लेखही उडतात, कारण मेशच्या वृक्षात माणूस प्राण्यांच्याच फांदीवर बसलेला आहे. (शास्त्र म्हणून चूक काहीच नाही.) लिहायचं ते असं: नॉट, मग कंसात 'ॲनिमल्स' नॉट 'ह्यूमन्स', दोन्हींना एमएच टॅग.

गळती किती, हे मोजण्याची युक्ती फुकट आहे, म्हणून मला विशेष प्रिय. आधी विषयातले चांगले दोन-तीन लेख घ्या, पानाच्या तळाशी त्यांना कोणती शीर्षकं लागलीत ते पाहा. ज्यांना चांदणी आहे ते मुख्य विषय. प्रत्येक शीर्षकाचं पान उघडून व्याख्या, समानार्थी शब्द आणि ते शीर्षक कोणत्या वर्षी आलं ते बघा. 'कोविड-१९' हे पूर्ण शीर्षक २०२१ च्या यादीत आलं, त्याआधी ती मुख्य शीर्षकांबाहेरची पूरक नोंद होती. असे सांधे बहुतेक विषयांत असतात. मग ॲडव्हान्स्ड पानावर तीन ओळी करा. पहिलीत शीर्षक आणि त्याला चिकटलेली उपशीर्षकं. दुसरीत तेच शीर्षक नागडं, आणि त्याला अँडने जोडलेले नात्याचे शब्द टीआयएबी टॅगसह (लेखाच्या नावात आणि सारांशात शोधण्याची खूण), म्हणजे 'इंड्यूस्ड', 'टॉक्सिसिटी', 'साइड इफेक्ट' वगैरे. तिसरीत आजाराचे आणि नात्याचे दोन्हींचे शब्द टीआयएबीमध्ये, मेश अजिबात नाही. आता इतिहासातून दुसरी ऑर तिसरी घ्या आणि तिच्यातून पहिली नॉटने वजा करा. जे उरतं त्यातले पहिले पन्नास लेख वाचा. कामाचे किती, ते दिसेल. दोन-तीनच असतील आणि तुम्हाला एखादा झटपट संदर्भ हवा असेल, तर पहिली ओळ पुरे. आठ-दहा असतील, किंवा पद्धतशीर आढावा करत असाल, तर तिन्ही ऑरने जोडा. आढाव्यात उपशीर्षकावर एकट्याने भिस्त ठेवूच नये. यंत्राने लावलेल्या नव्या लेखांत तर मी शीर्षकावर जेवढा भरवसा ठेवतो त्याच्या निम्मादेखील उपशीर्षकावर ठेवत नाही.

पैसे मोजून मिळणाऱ्या ठिकाणांबद्दल थोडक्यात. ओव्हिडवर तोच मेडलाइन आहे, पण उपशीर्षकांची यादी समोर आकड्यांसह येते, एका शीर्षकाला स्वल्पविराम देऊन अनेक लावता येतात, तरंगत्यासाठी एफएस. मात्र तिथे उपशीर्षक आपोआप फुगत नाही. पबमेडची ओळ उचलून तिथे चिकटवली की आकडा वेगळा येतो आणि लोक डेटाबेसला दोष देत बसतात. एम्बेस हा वेगळाच डेटाबेस; त्याची शब्दसूची एमट्री, तिथे 'मायोकार्डियल इन्फार्क्शन'ला 'हार्ट इन्फार्क्शन' म्हणतात, त्यामुळे ओळ नव्यानेच बांधावी लागते. औषधांसाठी तिथली उपशीर्षकं जास्त बारीक, औषध कोणत्या मार्गाने दिलं त्याचीही वेगळी. विषय औषधांचा असेल आणि पैसे दुसरं कोणी भरत असेल तर जरूर वापरा.

आणि तिसरी वेळ. पबमेडकडे नोंदी आहेत, शीर्षकं आहेत, कोणत्या नोंदीला उपशीर्षक नाही याचा हिशोबही आहे. टिक केल्यावर खाली एक ओळ दाखवता आली असती: या शीर्षकाच्या इतक्या लेखांना कोणतंच उपशीर्षक नाही, ते धरलेले नाहीत. तेवढी ओळ आली तर उरलेला दीड तारा त्याच दिवशी देतो.