पाड्यावरच्या तान्ह्या बाळासाठी काय घ्यावं: व्हिडिओ कॉलवरची नर्स की आशाताई आणि सिस्टरांचा साधा फोन?

धडगाव, मोखाडा, धारणी अशा भागात डिस्चार्ज घेऊन घरी परतणाऱ्यांपुढे हल्ली दोन पर्याय असतात. एक म्हणजे पैसे भरून ॲपवर व्हिडिओ कॉल करणारी नर्स आणि दुसरा म्हणजे घरी येणाऱ्या आशाताई, अडलंनडलं तर उपकेंद्रातल्या सिस्टरांना साधा फोन. आमचं बाळ कमी वजनाचं, दोन किलोच्या जरा वर, म्हणून आम्ही दोन्ही वापरून बघितलं.

व्हिडिओचं चांगलं ते आधी सांगतो. बाळाला अंगावर नीट धरलंय का हे नुसतं फोनवर बोलून कळत नाही. नर्सने बघितल्या बघितल्या सांगितलं की त्याने तोंड मोठं उघडलं की मगच जवळ घ्या, हनुवटी टेकू द्या, नुसतं निप्पल तोंडात नको, भोवतीचा काळा भागही जाऊ द्या, आणि बायकोला चिरा पडायच्या थांबल्या. कांगारू केअरचं, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब द्यायचं, कापड बांधणंही तसंच, बघूनच जमतं. शिवाय रात्री उशिराही कोणीतरी बोलायला असतं, पहिलटकरणीला त्याचा फार आधार वाटतो.

पण माझं मन फिरलं ते श्वास मोजण्यावरून. एका संध्याकाळी बाळ धापतंय असं वाटलं, नर्स म्हणाली छाती दाखवा, मी मोजते. आमच्याकडे रेंज म्हणजे दाराशी एखादी कांडी, चित्र अडकायचं आणि मग एकदम पुढे सरकायचं, मधले श्वास तिला दिसायचेच नाहीत. परत मोजू म्हणाली, परत तेच, मग कॉल कट, पुन्हा लागला तर दुसरीच नर्स, तिला वजन किती, कितव्या महिन्यात झालं, सगळं पहिल्यापासून सांगा. शेवटी सिस्टरांना फोन लावला. त्या म्हणाल्या, "दादा, बाळ शांत आहे ना? अंगावरचं कापड वर करा, पोट वर आलं की दर वेळी 'हं' म्हणा, घड्याळ मी बघते." पूर्ण एक मिनिट, कारण तान्ह्या बाळाचा श्वास मध्येच मंद होतो, मध्येच भरभर चालतो, अर्ध्या मिनिटाचं दुप्पट करून चालत नाही. ६० किंवा जास्त आले तर परत मोजायचं, तरी तेवढेच आले किंवा छाती आत ओढली जात असेल तर थेट दवाखाना. आमचे ६० च्या आत आले, तेव्हा कुठे घरात सगळ्यांच्या जिवात जीव आला.

काविळीचंही तसंच, पिवळ्या बल्बखाली मोबाईलवर कुठलंही बाळ पिवळंच दिसतं. आशाताई दिवसाउजेडी कातडी बोटाने दाबून बघतात, तळहात-तळपाय बघतात, झोळीच्या काट्यावर वजन घेतात. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी त्या येतात, पैसे लागत नाहीत. घरी येऊन बाळाला तपासायची ही पद्धत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गडचिरोलीत उभी केली आणि २०११ पासून देशभर आली, म्हणजे आपल्यासारख्याच गावांत तावूनसुलाखून निघालेली. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की त्यांना येता येत नाही हे खरं, तेव्हा फोनवरच भागवावं लागतं.

ई-संजीवनी ही सरकारची फोन-व्हिडिओवरून डॉक्टरांचा सल्ला देणारी सेवा मोफत आहे, आणि आरोग्य केंद्रातून डॉक्टरांना जोडून घेतलं तर निदान बाळाला हात लावून बघणारं कोणीतरी शेजारी असतं.

तुमच्याकडे नेट खरंच चालत असेल आणि अडचण दूध पाजण्याचीच असेल तर ॲप घ्या, मी नको म्हणणार नाही. फक्त पैसे भरण्याआधी बाळ जिथे झोपतं तिथूनच संध्याकाळी एक व्हिडिओ कॉल लावून बघा आणि दर वेळी तीच नर्स मिळेल का ते विचारा. माझ्यापुरतं विचाराल तर घरी पोचल्या दिवशीच आशाताई आणि सिस्टरांचा नंबर घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये सेव्ह करा. आणि बाळ दूध ओढत नसेल, अंग गार पडलं किंवा तापलं, झटके आले, तर दोघींपैकी कोणालाही विचारत बसू नका, १०२ किंवा १०८ लावा. वर्षाच्या आतल्या आजारी बाळाला सरकारी दवाखान्यात न्यायला १०२ च्या गाडीचे पैसे पडत नाहीत.